नेपच्यून: नावाचं भांडण आणि गोड्या पाण्याचा देव

नेपच्यून निळा, म्हणून त्याला समुद्रदेवाचं नाव दिलं, असं सर्रास सांगतात. पण नाव ठरलं तेव्हा तो दुर्बिणीतला इवलासा ठिपका होता. त्या नावामागे रंगापेक्षा मानापमानच जास्त आहेत.

२३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांना हा ग्रह दिसला. पॅरिसचे खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी गणिताने काढलेल्या जागेपासून तो एक अंशही दूर नव्हता. गाले यांनी नाव सुचवलं जानुस, म्हणजे दारांचा दुतोंडी रोमन देव. ल व्हेरिए यांना ते पटेना. जानुस म्हटलं की सूर्यमालेचा हाच शेवटचा ग्रह असा अर्थ निघतो, आणि तसं मानायला आधार काय? त्यांनी नेपच्यून हे नाव पुढे केलं. पॅरिसच्या ‘ब्युरो दे लाँजित्यूद’ या सरकारी खगोल संस्थेने ते मान्य केलंय, असंही कळवून टाकलं. ती चक्क थाप होती! थोड्याच दिवसांत त्यांचं मन फिरलं आणि ग्रहाला स्वतःचंच नाव हवंसं झालं. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ आरागो पाठीशी उभे राहिले. ल व्हेरिए एकटे पडू नयेत म्हणून युरेनसलाही त्याच्या शोधकाचं, हर्शेलचं, नाव वापरायचा आग्रह सुरू झाला. फ्रान्सबाहेर मात्र कुणी दाद दिली नाही. डिसेंबरअखेर सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत खगोलशास्त्रज्ञ स्ट्रूव्ह यांनी नेपच्यूनच्या बाजूने कौल दिला आणि तेच नाव रूढ झालं.

युरोपात हरलेला हर्शेल आपल्या पंचांगांत ‘हर्षल’ होऊन ठाण मांडून बसलाय, शेजारी नेपच्यून. ल व्हेरिएंच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

खुद्द देवाची गोष्टही सरळ नाही. रोमन लोकांचा नेपच्यून मुळात झऱ्यांचा, गोड्या पाण्याचा. त्याचा सण, नेपच्युनालिया, २३ जुलैला, म्हणजे पाण्याची ओढ असते अशा तिकडच्या ऐन उन्हाळ्यात. लोक झाडांच्या फांद्यांचे मांडव घालून सावलीत बसत. पुढे ग्रीकांचा पोसायडन आणि तो एकच मानले गेले, तेव्हा कुठे समुद्र आणि त्रिशूळ त्याच्याकडे आले. तोच त्रिशूळ आज या ग्रहाचं चिन्ह आहे. त्याच्या सगळ्यात मोठ्या चंद्राला मात्र पोसायडनच्या मुलाचं, ट्रायटनचं, नाव मिळालं. बाप रोमन, पोरगा ग्रीक!

नेपच्यूनला वरुणही म्हणतात. ही जोडी जमलीय खरी. वेदांतला वरुण आधी आकाशाचा आणि ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा, राजा, समुद्राचा धनी म्हणून त्याची ओळख झाली ती नंतर.