स्नोबॉल डर्बी ही डेटोनाची धाकटी बहीण नव्हे

स्टॉक कार, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्या; त्यांच्या शर्यतींवर लिहिणारे अनेकजण स्नोबॉल डर्बी या वार्षिक शर्यतीला नॅस्कार या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या स्टॉक कार संघटनेची खालच्या पायरीवरची शर्यत ठरवून मोकळे होतात. या समजाचे कारण उघड आहे. डेटोना ५०० आणि स्नोबॉल डर्बी या दोन्ही शर्यती फ्लोरिडात होतात, दोन्हींत गाड्या डांबरी ट्रॅकवर सतत डावीकडे वळत धावतात आणि कायल बुश, चेस एलियट, एरिक जोन्स ही नावे दोन्हीकडे आढळतात. मात्र हा समज निरुपद्रवी नाही, कारण त्यातूनच डर्बीच्या विजेत्यांच्या चुकीच्या याद्या तयार होतात आणि वर्षानुवर्षे एकमेकींवरून उतरवल्या जातात.

डेटोना वाचकांच्या परिचयाची आहे, त्यामुळे तिच्याविषयी थोडक्यात. १९५९ पासून ही शर्यत अडीच मैलांच्या, वळणांवर ३१ अंशांनी कललेल्या ट्रॅकवर होते. तिच्या २०० फेऱ्या असतात आणि कप मालिकेत, म्हणजे नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत, तिच्याइतका मान दुसऱ्या कोणत्याही शर्यतीला नाही. ट्रॅकची लांबी, वेग, बक्षिसाची रक्कम हे फरक पाहताक्षणी कळतात आणि त्यांवर रकाने भरणे मला अनाठायी वाटते.

डर्बीचे गाव पेन्सकोला. ते फ्लोरिडाच्या पार पश्चिम टोकाला, अलाबामाच्या सीमेजवळ आहे. या शहरावर इतिहासात पाच सत्तांचे ध्वज फडकले, म्हणून तिथल्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकचे नाव फाइव्ह फ्लॅग्ज स्पीडवे. ट्रॅक १९५३ चा. डर्बी १९६८ ची. पहिली शर्यत वेन नीडेकन यांनी जिंकली, आणि आजही विजेत्याला मिळणारा चषक टॉम डॉसन या तिच्या संस्थापकाच्या नावाचा आहे. ती डिसेंबरच्या सुरुवातीला होते, म्हणजे इतर बहुतेक मालिकांचा हंगाम आटोपल्यावर, त्यामुळे दूरदूरच्या प्रांतांतले चालक तिला मोकळे असतात. ३०० फेऱ्यांचे अंतर भरते जेमतेम १५० मैल, पण जुने, खरखरीत डांबर टायर इतक्या वेगाने झिजवते की सुरुवातीला जोर लावणारा शेवटच्या पन्नास फेऱ्यांत मागे पडतो. रिच बिकल यांनी ही शर्यत पाच वेळा जिंकली, ती हा संयम राखूनच. २०१० मध्ये पेन्सकोलाचीच जोहाना लाँग जिंकली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

आता मुख्य मुद्दा. डर्बी ही ट्रॅकची स्वतःची शर्यत आहे. नॅस्कारच्या कोणत्याही मालिकेचा ती टप्पा नाही, आणि ती जिंकून नॅस्कारच्या विजेतेपदाचा एकही गुण मिळत नाही. कप मालिकेतला नामवंत चालकही इथे पात्रता फेरीत वेळ नोंदवून जागा मिळवतो. ती वेळ पुरेशी चांगली नसली तर आदल्या दिवशीच्या ‘लास्ट चान्स’ शर्यतीतून येतो. कायल बुशने २००९ आणि २०१७ मध्ये ही शर्यत जिंकली, पण २०१२ मध्ये त्याला सोळा वर्षांच्या एरिक जोन्सने हरवले. बुशने त्यानंतर त्या मुलाला स्वतःच्या संघात घेतले. अशी शर्यत म्हणजे वर चढण्याची पायरी, असे म्हणणाऱ्यांनी तिचे मूल्य मुळातच चुकीच्या मापाने मोजलेले आहे.

शर्यत कोण भरवतो, यावर निकाल कोण देतो आणि केव्हा देतो हे ठरते, आणि खरी गफलत इथे होते. नॅस्कारची अनेक दशकांची प्रथा अशी होती की प्रेक्षकांनी घरी जाताना जो विजेता पाहिला तोच विजेता राहावा. तपासणीत गाडी बेकायदा आढळली तर दंड आणि गुणकपात व्हायची, पण विजय सहसा काढून घेतला जात नसे. पेन्सकोलात असे नाही. तिथे शर्यतीनंतर गाड्या तपासणीच्या शेडमध्ये नेऊन उघडल्या जातात. या जागेला सगळे ‘रूम ऑफ डूम’ म्हणतात, आणि तिथून बाहेर पडेपर्यंत कोणीही विजेता नसतो.

२०१३ मध्ये चेस एलियटने अंतिम रेषा सर्वांत आधी ओलांडली. तपासणीत त्याच्या गाडीत टंगस्टन या जड धातूचा तुकडा सापडला, जो नियमांना मंजूर नव्हता, आणि विजय एरिक जोन्सला मिळाला. एका तुकड्यासाठी एवढी कठोर शिक्षा का, असे ज्यांना वाटते त्यांनी या गाडीची रचना लक्षात घ्यावी. डर्बीत धावणाऱ्या सुपर लेट मॉडेल वर्गाच्या गाडीचा सांगाडा मुद्दामच डावीकडे सरकवलेला असतो आणि वजन कुठे ठेवायचे यावरच वळणातली पकड ठरते. त्यासाठी सामान्यतः शिशाचे ठोकळे वापरतात. टंगस्टन शिशापेक्षा सुमारे १.७ पट घन असल्याने तेवढेच वजन कमी जागेत, अधिक खाली बसवता येते, शिवाय ते फार महाग आहे. त्याला मोकळीक दिली तर लहान संघांना स्पर्धेत टिकणे अवघड होईल. मला हा नियम आणि त्याची अंमलबजावणी, दोन्ही पूर्णपणे योग्य वाटतात.

हा प्रकार एकदाच घडलेला नाही. २०१५ मध्ये क्रिस्टोफर बेल पहिला आला आणि अपात्र ठरला. विजय गेला एलियटकडे. २०१९ मध्ये स्टीफन नॅसीच्या जागी ट्रॅव्हिस ब्रेडन, तर २०२१ मध्ये सॅमी स्मिथच्या जागी चँडलर स्मिथ विजेता झाला. या दोन स्मिथांमुळे तर याद्यांमध्ये हमखास घोळ होतो.

डेटोनालाही निकालाचा वाद नवा नाही. १९५९ च्या पहिल्याच शर्यतीत आधी जॉनी बोशँपना विजेते घोषित केले गेले आणि तीन दिवस छायाचित्रे व चित्रफिती पाहून ली पेटींना विजय दिला गेला. काहीजण हा दाखला देऊन दोन्ही शर्यती सारख्याच असल्याचे सांगतात, पण तो इथे लागू होत नाही. डेटोनाला प्रश्न होता की रेषा आधी कोणी ओलांडली. पेन्सकोलात त्याबद्दल कोणाला शंकाच नसते. प्रश्न असतो की ज्या गाडीने ती ओलांडली ती नियमात होती का.

नॅस्कारने २०१९ मध्ये आपली प्रथा बदलली आणि विजेत्याला अपात्र ठरवायला सुरुवात केली. २०२२ मध्ये पोकोनो ट्रॅकवरच्या कप शर्यतीत डेनी हॅमलिन आणि कायल बुश हे पहिले दोघेही बाद झाले; कप शर्यतीच्या विजेत्याला अपात्र ठरवण्याची १९६० नंतरची ती पहिली वेळ होती. विजय मिळाला तिसऱ्या क्रमांकावरच्या चेस एलियटला. म्हणजे या एका बाबतीत बलाढ्य नॅस्कारच पेन्सकोलाच्या छोट्या ट्रॅकच्या वाटेने गेली, आणि ‘खालची पायरी’ म्हणणाऱ्यांनी हा क्रम जरूर ध्यानात घ्यावा.

डर्बीच्या विजेत्यांची यादी करणाऱ्याने रविवार रात्रीच्या बातमीवर अवलंबून राहू नये आणि अशा वर्षांपुढे दोन्ही नावे लिहावीत: २०१३, रेषेवर पहिला एलियट, विजेता जोन्स, २०१५, रेषेवर पहिला बेल, विजेता एलियट.