गुरूच्या साठपट जड, साठपट मोठा नव्हे!

नवीन ब्राऊन ड्वार्फ (ग्रहाहून जड, पण ताऱ्यासारखा हायड्रोजन जाळू न शकणारा पिंड) सापडला की हेडलाईन ठरलेलीच, 'गुरूपेक्षा साठपट मोठा'. अहो, साठपट जड! आकाराने तो गुरूएवढाच असतो, आणि म्हणूनच तर ताऱ्यापुढून जाताना ग्रह कोणता नि ब्राऊन ड्वार्फ कोणता हे कळत नाही.

ट्रान्झिट माहितीच आहे, काहीतरी ताऱ्यासमोरून जातं, प्रकाश जरा कमी होतो, त्यावरून आकार काढतात. सूर्यासारखा तारा नि गुरूएवढा ग्रह असेल तर साधारण 1 टक्का. पुढे.

आता खरी गोची. गुरूमध्ये अजून वस्तुमान ओतत गेलात तर तो फुगत नाही, गुरुत्वाकर्षण आतलं सगळं आणखी आवळतं, नि त्याला थोपवून धरतो तो दाटीवाटीने कोंबलेल्या इलेक्ट्रॉन्सचा दाब, त्यामुळे वस्तुमान गुरूच्या 13 पट घ्या नाहीतर 70 पट, आकार गुरूच्याच आसपास घुटमळतो. 2008 मध्ये सापडलेला ब्राऊन ड्वार्फ कोरो-3बी गुरूच्या जवळपास 22 पट जड, आकार गुरूएवढाच. वास्प-30बी तर 61 पट जड आणि उलट गुरूहून किंचित लहान! 2017 मध्ये तर हायड्रोजन जाळणारा चक्क तारा सापडला, गुरूच्या साधारण 85 पट जड, आकार शनीएवढा. त्यामुळे केप्लर किंवा टेस या अवकाश दुर्बिणींच्या प्रकाश-आलेखातला खड्डा बघून लगेच 'ग्रह सापडला' म्हणून नाचणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

सोंग उघडं पडतं ते त्या पिंडाच्या ओढीने तारा किती डुलतो त्यावरून, पिंड जड तितकं डुलणं जास्त. 51 पेगासी या ताऱ्याला त्याचा ग्रह सेकंदाला 50-60 मीटरने हलवतो, कोरो-3बी आपल्या ताऱ्याला 2 किलोमीटरहून जास्त! त्याची फेरी सव्वाचार दिवसांची, म्हणजे ट्रान्झिटनंतर पाव फेरीला ताऱ्याच्या प्रकाशाचा एक वर्णपट घ्या, पाऊण फेरीला, दोनेक दिवसांनी, दुसरा घ्या, तारा आपल्याकडे येतो-लांब जातो तशा त्यातल्या रेषा एवढ्या सरकलेल्या दिसतात की वाद संपला.

पण नुसत्या डुलण्यावरही जाऊ नका. एचडी 114762 भोवतीचा पिंड 1989 मध्ये 'किमान 11 गुरू' म्हणून जाहीर झाला, त्यातलं 'किमान' (कारण डुलणं आपल्या दिशेने जेवढं होतं तेवढंच मोजता येतं) लोक सोयीस्कर विसरले, पुढे गाया दुर्बिणीच्या मोजमापातून कळलं की आपण ती कक्षा जवळजवळ वरून बघतोय आणि तो पिंड म्हणजे छोटा ताराच आहे. ट्रान्झिट दिसलं असतं तर हा घोळ झालाच नसता, कारण मग कक्षा आपल्याला कडेनेच दिसते हे पक्कं असतं. दोन्ही मोजमापं हवीत, एकावर भागत नाही.

बाकी ग्रह नि ब्राऊन ड्वार्फ यांच्यातली 13 गुरूंची सीमा म्हणजे ड्युटेरियम (जड हायड्रोजन) जळायला लागतो ती, त्यावर भांडणारे भांडोत, मला तरी पिंड जन्मला कसा हे जास्त महत्त्वाचं वाटतं, पण ते मोजायचं यंत्र अजून कोणाकडे नाही म्हणून 13 चालवून घेतो.