लांबची वाट, कमी वेळ

घरात पृथ्वीगोल असेल तर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यावर बोटं ठेवून मध्ये दोरा घट्ट ताणून बघा. भिंतीवरच्या नकाशाची सवय असलेल्याला वाटतं, दोरा समुद्रावरून आडवा जाईल. तो सरकतो वर, सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर. लांबी भरते सुमारे १२,४०० किलोमीटर. दोन विमानतळांमधलं हवाई अंतर म्हणतात ते हेच. विमान मात्र दरवेळी दोऱ्याबरहुकूम जातंच असं नाही.

एअर इंडियाचं या मार्गावरचं विमान आधी पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटरचा फेरा. तरी ते साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर!

गणित करू. १५,३०० भागिले साडेचौदा, म्हणजे ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर. प्रवासी जेटचा हवेतला वेग साधारण ९०० असतो. वरचे दीडशे वाऱ्याचे. विमान हवेत चालतं आणि ती हवाच वाहत असते. सीटसमोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’चा, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेगाचा, आकडा हजारापुढे गेलेला दिसला, तर पाठीशी असाच वारा आहे असं समजा.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा. विषुववृत्ताकडची तापलेली हवा ध्रुवाकडे सरकते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेला वळते. हिवाळ्यात उष्ण आणि थंड प्रदेशांतला फरक वाढतो, तसा त्याचा जोरही. जपानच्या आसपास तो कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, तो यामुळेच. ‘पृथ्वी खालून फिरते म्हणून’ हे उत्तर चांगली शिकलेली माणसंही ठोकून देतात. पण हवा पृथ्वीबरोबरच फिरते, आणि त्या हवेतलं विमानही.

जवळच्या प्रवासात वाऱ्यापेक्षा जमीनच जास्त वेळ खाते. मुंबई–दिल्ली हवाई अंतर १,१४० किलोमीटरच्या आसपास. विमान हवेत पावणेदोन तासांच्या आगेमागे असतं, पण तिकिटावर सव्वादोन तास किंवा थोडं जास्तच दिसतं. कारण ही वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. टॅक्सीवेवरची, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावरची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात धरलेलं. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या तर एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हीवरून एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. खिडकीतून समोर सहा शेपट्या दिसल्या, की आपला नंबर सातवा.