डाव्या बाजूचं दुर्लक्ष: निदान एक, रुग्ण अनेक परींचे

मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघाताचा झटका येऊन गेला की काही रुग्ण ताटातलं फक्त उजवीकडचं जेवतात, डाव्या गालावरची दाढी तशीच ठेवतात. घरच्यांना वाटतं, डाव्या डोळ्याची नजर गेली. पण डोळा शाबूत असतो; मेंदूचं लक्षच डावीकडे जात नाही. या दोषाला निग्लेक्ट (दुर्लक्ष) म्हणतात. दृष्टिक्षेत्राचा डावा भाग खरोखर गेलेल्या माणसाला ते बहुधा उमगतं आणि तो मान वळवून बघायला शिकतो. निग्लेक्टच्या रुग्णाला डावीकडे बघायचं काही उरलंय हेच जाणवत नाही. (दोन्ही दोष एकत्रही असू शकतात.) हा हट्ट नव्हे, आणि बाहेरची बाधा तर मुळीच नव्हे.

रेघेचा मध्य दाखवायला सांगितला की खूण उजवीकडे सरकते. एवढ्यावर थांबून सगळ्यांना एकच व्यायाम देणं मला चूक वाटतं. वर्तुळांनी भरलेला कागद द्या: काही पूर्ण, काहींना डावीकडे फट, काहींना उजवीकडे. एक रुग्ण कागदाची डावी बाजूच सोडतो. दुसरा कागदभर फिरतो, पण डावीकडे फट असलेली वर्तुळं पूर्ण समजतो. पहिल्यासाठी ताट उजवीकडे सरकवून भागतं. दुसऱ्याला त्याचा उपयोग नाही, कारण त्याचं दुर्लक्ष प्रत्येक वस्तूच्या डाव्या अर्ध्याला चिकटलेलं असतं. अंतरानेही फरक पडतो. हॅलिगन आणि मार्शल या संशोधकांनी 1991 मध्ये नोंदवलेला रुग्ण हाताशी असलेली रेघ दुभागताना खूप चुकायचा, लांबची मात्र जवळजवळ बरोबर दुभागायचा. म्हणून कागदी चाचण्यांबरोबर कॅथरीन बर्गेगो मापनही करावं: रोजच्या 10 कृती करताना रुग्णाला बघून प्रत्येकीला 0 ते 3 गुण.

उपचारांतला सर्वांत विलक्षण प्रकार प्रिझमच्या चष्म्याचा. संशोधक रोसेट्टी आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये तो मांडला. चष्मा समोरचं दृश्य सुमारे 10 अंश उजवीकडे सरकवतो. रुग्ण लक्ष्याकडे झटकन बोट नेतो, ते उजवीकडे चुकतं. त्यांच्या प्रयोगात असं 50 वेळा केलं होतं. काही फेऱ्यांत मेंदू हाताची दिशा डावीकडे दुरुस्त करतो. चष्मा काढला तरी ही दुरुस्ती काही काळ टिकते, हात आता डावीकडे झुकतो, आणि बऱ्याच रुग्णांचं लक्षही त्याच्यामागून डावीकडे येतं.

बिघडतं ते तपशिलात. हात सुरुवातीपासून दिसला तर रुग्ण बघत बघत तो वळवतो आणि खरी जुळवणी होत नाही. म्हणून हालचालीचा पहिला टप्पा फळीखाली झाकावा आणि बोट वेगाने न्यायला सांगावं. प्रिझम उलट बसवलं तर परिणामही उलट. चष्मा दिवसभर घालायचा नसतो, फक्त सरावापुरताच. तो काढल्यावर, हात दिसू न देता, बोट सरळ समोर दाखवायला सांगा: ते आधीपेक्षा डावीकडे गेलं नाही, तर जुळवणी झालीच नाही.

जुळवणी होऊनही रोजच्या व्यवहारात फरक न पडणारे रुग्ण असतात, आणि या उपचारावरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. त्यामुळे ‘हमखास बरं करणारं’ यंत्र विकणाऱ्यांपासून दूर राहावं. ज्याचं एकूण अवधानच मंद आहे, जो काही मिनिटांत पेंगतो, त्याच्यासाठी आधी सत्रं छोटी करून दिवसात विभागावीत. डावीकडे शोधण्याचा सराव, पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावून वाचन, हे त्यानंतर.