कँटोनीज म्हणजे मँडरिनचा वेगळा उच्चार नव्हे

‘हाँगकाँगची कँटोनीज आणि बीजिंगची मँडरिन या मुळात एकच भाषा असून फरक केवळ उच्चारांचा आहे’, असा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. दोन्हींची बहुतांश लेखनचिन्हे सामायिक असल्याने तो पटण्याजोगा वाटतो. तथापि चुरशीविषयीची एक कँटोनीज म्हण तपासली तरी तो टिकत नाही.

‘जप स्यू हांग थाउ, छाम ग्वो बाय गा’, म्हणजे मागे पडून संधी गमावणे हे घर बुडवण्याहूनही वाईट. यातील ‘जप’चा शेवट ‘प’ने होतो, प्रमाण मँडरिनमध्ये कोणताही शब्दावयव प, त किंवा क या व्यंजनांनी संपत नाही. हा झाला उच्चार. खरा पुरावा मात्र वाक्यरचनेत आहे: कँटोनीजमध्ये ‘वाईट’ या अर्थाचा ‘छाम’ आधी, मग तुलनादर्शक ‘ग्वो’ आणि शेवटी जिच्याशी तुलना करायची ती गोष्ट येते, तर मँडरिनमध्ये तुलनादर्शक ‘बी’ आणि ती गोष्ट आधी येऊन विशेषण शेवटी जाते. दोन्ही भाषांच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांतील तुलनेचे धडे शेजारी ठेवले, की हे कोणालाही पडताळता येते.

म्हण वापरायची ती मित्रमंडळींत, सवलतीच्या रांगेकडे धावताना, काहीशा थट्टेने. औपचारिक लेखनात ती शोभत नाही.