लंबगोलात बसवलेला आयत : बहुउद्देशीय क्रीडासंकुलांची पार्श्वभूमी

१५ जुलै १९६६. इंग्लंडमध्ये फुटबॉलचा विश्वचषक सुरू होऊन चार दिवस झाले होते. उरुग्वे आणि फ्रान्स यांचा सामना लंडनला होता. तो वेम्बलीवर व्हायचा, पण त्या दिवशी शुक्रवार होता आणि शुक्रवारी वेम्बलीवर ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती लागत. मैदानाच्या मालकाने त्या रद्द करायला साफ नकार दिला. शेवटी विश्वचषकाचा सामना शहरातल्या दुसऱ्या, जुन्या 'व्हाइट सिटी' स्टेडियमवर हलवावा लागला. उरुग्वेने तो २-१ असा जिंकला.

मालकाच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्याचा हट्ट समजतो. विश्वचषक तीन आठवड्यांत संपणार होता, शर्यती मात्र आठवड्यामागून आठवडे चालणार होत्या. स्टेडियमचं पोट भरतं ते अशा नेमाच्या कार्यक्रमांवर. एकाच मैदानावर अनेक खेळ बसवण्याची धडपड सुरू झाली ती याच गरजेतून.

तसं पाहिलं तर 'स्टेडियम' हा शब्द ज्यावरून आला ते मूळ 'स्टेडियन' एकाच कामाचं होतं. ग्रीक भाषेत ते लांबीचं माप, ६०० फूट. प्राचीन ऑलिम्पिक जिथे भरत त्या ऑलिम्पियात ते सुमारे १९२ मीटर भरतं. तेवढी सरळ धाव आणि दोन्ही बाजूंना लोक बसायला मातीचे उतार, बस्स. रोमनांनी रोममधल्या 'सर्कस मॅक्सिमस' या मैदानात रथांच्या शर्यती, शिकारीचे खेळ आणि विजयी मिरवणुका एकाच जागी भरवल्या. त्या अर्थाने बहुउद्देशीय मैदानाचा पहिला मोठा नमुना त्यांचाच म्हणावा लागेल.

आधुनिक काळातला सर्वांत धाडसी प्रयोग मला १९०८च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या व्हाइट सिटीचा वाटतो. धावण्याचा ट्रॅक एवढा मोठा की तीन फेऱ्यांत एक मैल पुरा व्हायचा. त्याच्या बाहेरून सायकल शर्यतीचा ट्रॅक. आणि आतल्या हिरवळीच्या कडेला चक्क १०० मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव! प्रेक्षकाने जागा न सोडता धावपटू, सायकलस्वार, पोहणारे, कुस्तीगीर असं सगळं पाहावं, ही कल्पना होती. ऑलिम्पिक संपल्यावर एवढ्या मोठ्या वास्तूला पुरेसं काम उरलं नाही. १९२७मध्ये कुत्र्यांच्या शर्यती आल्या, तेव्हा तिला पुन्हा नियमित उत्पन्न मिळू लागलं.

एक मैदान सगळ्यांना पुरत का नाही, हे समजायला थोडी भूमिती बघावी लागते. आजच्या प्रमाण ४०० मीटर ट्रॅकची सरळ बाजू ८४.३९ मीटर असते आणि वळणाची आतली त्रिज्या ३६.५ मीटर. या लंबगोलाच्या आत १०५ बाय ६८ मीटरचं फुटबॉल मैदान बसतं खरं, पण चारही कोपऱ्यांशी ट्रॅकपर्यंत जेमतेम एक मीटर उरतो. म्हणजे कॉर्नर घ्यायला मागे सरकणारा खेळाडू एक-दोन पावलांत ट्रॅकवर पोचतो. याउलट गोलच्या मागे २६ मीटर जागा मोकळी राहते. त्यात आठ लेनचे जवळजवळ दहा मीटर मिळवा. तिथल्या पहिल्या रांगेतला माणूससुद्धा गोलजाळीपासून ३५ मीटरहून लांब बसतो. तिकिटाचे पैसे मोजलेल्या चाहत्यावर हा अन्यायच आहे. ट्रॅक असलेल्या मैदानात फुटबॉलचा जल्लोष विरतो, ही तक्रार या अंतरातूनच आलेली आहे.

अमेरिकेपुढचं कोडं वेगळं होतं. बेसबॉलला उघडलेल्या हातपंख्यासारखं मैदान लागतं, अमेरिकन फुटबॉलला आयत. १९६५मध्ये ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम उभा राहिला. वर छप्पर आणि खेळानुसार सरकणारे स्टँड. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उन्हाने डोळे दिपत आणि उंच उडालेला चेंडू क्षेत्ररक्षकांना दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. चेंडू दिसायला लागला, पण उन्हाअभावी गवत मेलं. पुढच्याच वर्षी तिथे कृत्रिम गवत अंथरलं गेलं आणि त्याला 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव चिकटलं. पुढे पिट्सबर्ग, सिनसिनाटी, फिलाडेल्फिया इथे एका साच्यातून काढल्यासारखी गोल स्टेडियम झाली. दोन्ही खेळांना ती अपुरी पडली आणि २००१ ते २००४ या काळात ही तिन्ही पाडली गेली.

क्रिकेटने काढलेली वाट जास्त हुशारीची होती. १९७७मध्ये माध्यमसम्राट केरी पॅकरच्या बंडखोर क्रिकेट मालिकेला ऑस्ट्रेलियातली नेहमीची मोठी कसोटी मैदानं मिळाली नाहीत. मेलबर्नचं व्हीएफएल पार्क मिळालं, पण ते ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं. तिथे खेळपट्टीच नव्हती. जॉन मेली या क्युरेटरने, म्हणजे खेळपट्टी तयार करणाऱ्याने, काँक्रीटच्या साच्यांमध्ये, मैदानाबाहेर, खेळपट्टी वाढवली आणि क्रेनने उचलून मैदानाच्या मध्यात बसवली. आज 'ड्रॉप-इन' म्हणतात ती हीच. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर हिवाळ्यात फुटबॉल आणि उन्हाळ्यात क्रिकेट सुखाने नांदतात, त्यात या युक्तीचा मोठा वाटा आहे.

पुढच्या बांधकामांनी हाच धडा गिरवला, हलवायचं तर मैदानच हलवा. नेदरलँड्समधल्या आर्नहेमला १९९८मध्ये हिरवळीचं अख्खं मैदान बाहेर सरकवण्याची सोय झाली, म्हणजे आत संगीताचा कार्यक्रम आणि गवत बाहेर उन्हात. जपानमधल्या साप्पोरोत मैदान हवेच्या दाबावर उचलून आत-बाहेर नेतात. लंडनमध्ये टॉटनहॅम फुटबॉल क्लबच्या २०१९च्या स्टेडियममध्ये गवताचे तीन तुकडे स्टँडखाली सरकतात आणि खालचं कृत्रिम मैदान अमेरिकन फुटबॉलला मोकळं होतं. पॅरिसच्या स्टाद द फ्रान्समध्ये मात्र मैदानाऐवजी खालचा स्टँडच ट्रॅकवर पुढे येतो. प्रत्येक ठिकाणी हे जमलं असं नाही. २०१२च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या लंडन स्टेडियममध्ये खुर्च्या मागे-पुढे करायला दिवसच्या दिवस आणि दरवर्षी लाखो पौंड लागू लागले.

सगळे खेळ एकाच वाडग्यात कोंबण्यापेक्षा वेगवेगळ्या वास्तू एका आवारात मांडाव्यात, हा विचार मला जास्त पटतो. म्युनिकचं ऑलिम्पिक पार्क त्याचं उत्तम उदाहरण आहे. जुन्या विमानतळाच्या जागेवर, महायुद्धात पडलेल्या इमारतींच्या राडारोड्याची टेकडी करून, १९७२च्या ऑलिम्पिकसाठी ते घडवलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये इस्रायलच्या पथकातल्या ११ जणांची हत्या झाली, ती जखम या आवाराच्या इतिहासात कायमची आहे. १९७४च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना इथेच झाला. २००५मध्ये बायर्न म्युनिक हा फुटबॉल क्लब स्वतःच्या, ट्रॅक नसलेल्या मैदानावर निघून गेला. इतर ठिकाणी एवढ्याने संकुल ओस पडलं असतं. इथे संगीताचे कार्यक्रम चालू राहिले आणि २०२२मध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धांसाठी नऊ खेळांचे खेळाडू जमले. १९७२मध्ये अमेरिकेचा जलतरणपटू मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदकं जिंकली त्या तलावात आज कुणीही तिकीट काढून पोहू शकतं.