अटक झालीय, वकिलाला पैसे नाहीत? मोफत वकील असा मिळतो

घरातल्या कुणाला पोलिसांनी उचललं की आधी सगळे पैशाच्या मागे धावतात. पण जो कोठडीत आहे त्याला मोफत वकील मिळवायला उत्पन्नाची अटच नाहीये, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12. बाई, लहान मूल, एससी-एसटी, अपंग यांनाही उत्पन्न बघितलं जात नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांच्या आत कमाई पाहिजे.

अर्ज जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात, तालुक्याला असाल तर तिथल्या कोर्टातल्या समितीकडे. आत असलेल्या माणसाला जेलमधूनच अर्ज देता येतो, आणि 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर नेतात तेव्हा सरळ "साहेब, मला वकील नाही" असं सांगितलं तरी चालतं, सांगायला लाजू नका. 15100 वर फोनही करता येतो. सोबत आधार, एफआयआरची कॉपी (आरोपीला ती मिळते, मागून घ्या) आणि लागू असेल तो दाखला, म्हणजे जातीचा किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा. वकिलाची फी प्राधिकरण देतं. आणि हो, सरकारी वकिलाच्या मागे लागू नका, तो समोरच्या बाजूचा असतो.

वकील भेटला की पहिला प्रश्न, कलम कुठलं लागलंय आणि ते जामीनपात्र आहे का? जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. अजामीनपात्र असेल तर कोर्ट ठरवणार. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, म्हणून आयपीसीचे जुने नंबर डोक्यात धरून बसू नका, साधी चोरी आता 379 नाही, 303 आहे, शिक्षा 3 वर्षांपर्यंत.

तारखा मात्र स्वतः लिहून ठेवा. पहिल्या रिमांडपासून (म्हणजे मॅजिस्ट्रेटने कोठडीत ठेवायचा पहिला हुकूम दिला त्या दिवसापासून) 60 दिवसांत (10 वर्षं किंवा जास्त, जन्मठेप, फाशीच्या गुन्ह्यात 90) चार्जशीट आली नाही तर जामीन मागता येतो, पण चार्जशीट दाखल व्हायच्या आधी अर्ज पडला पाहिजे, एक दिवस उशीर झाला तरी हक्क जातो. अजून एक, पहिल्यांदाच गुन्हा असेल आणि जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर जेल अधीक्षकानेच कोर्टाला अर्ज करायचा असतो, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, शिवाय एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर हे लागू नाही. अधीक्षकाने केला नसेल तर आपल्या वकिलाला आठवण करून द्या.